अधिकात की निजात

आमच्या घरच्या देवांना नैवेद्य दाखवल्यावाचून एकही दिवस गेलेला नाही, ही गोष्ट मी अनेकांना अनेकदा अभिमानाने सांगत आलो आहे. त्या वैशाखात ती मी पत्नीला सांगितली. तिने हातातली भाजी निवडता निवडता विचारले, "मग मी एकटी जाऊ का?"

प्रश्न श्रीलंकेचा होता. तिची धाकटी बहीण रुग्णालयातली नोकरी संपवून नुकतीच मोकळी झाली होती आणि दोघींनी मिळून तिथल्या पूर्व किनाऱ्यावर एक महिना राहायचे ठरवले होते. यात्रा कंपनी नाही, मार्गदर्शक नाही, पहाटेची हाकाटी नाही. तीन गावे, प्रत्येक गावी दहा दिवस, कुणाच्या तरी घरात भाड्याची खोली. सकाळी समुद्र, दुपारी त्या घरातले जेवण, संध्याकाळी पुन्हा समुद्र.

"भाऊजी, स्थळं बघायची नाहीत," मेव्हणी म्हणाली होती. "बसायचं आणि खायचं. तुम्हीही चला. देव शेजारी ठेवा. लोक काशीला जाताना ठेवतातच की."

मी नकार दिला. देवांचे कारण पुढे केले, आणि ते पुरेसे वाटेना म्हणून समुद्रोल्लंघनाच्या जुन्या निषेधाचाही उल्लेख केला. मेव्हणी हसली. "मारुतीला सांगितलं असतंत तर रामायण तिथंच थांबलं असतं," ती म्हणाली. पत्नी हसली नाही. तिला ठाऊक असावे की मला जायचे होते, आणि आग्रह आणखी एकदा झाला असता तर मी गेलोही असतो. आग्रह आणखी एकदा झाला नाही.

अंबरनाथच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले. कारखान्यांतल्या अधिकाऱ्यांची मुले समोर बसत आणि मी त्यांना समुद्राची वर्णने समजावून सांगे: रत्नांचे आगर, मर्यादा न सोडणारा, नद्यांचा पती. आवाज चढवून, हात पसरून सांगे. प्रत्यक्ष समुद्र मी मुंबईला कामासाठी गेलो असता पाहिला होता, कठड्याच्या अलीकडून, घड्याळाकडे लक्ष ठेवून. त्याच्यापाशी बसलो कधीच नव्हतो. आता जी समुद्रापाशी बसणार होती, तिला मी चाळीस वर्षांत त्यातले एक वर्णनही वाचून दाखवले नव्हते.

त्या गेल्या. बेलवलीतल्या आमच्या घरात मी आणि देव उरलो.

पहिल्या आठवड्यात तिचे निरोप येऊ लागले. तिला टंकलेखनाचा कंटाळा, म्हणून ती फोनमध्ये बोलून पाठवी. त्रिंकोमालीला समुद्रावर सरळ उभा कडा आहे आणि त्या कड्याच्या माथ्यावर शंकर. "अहो, देवळात घंटा वाजते आणि खालून लाट आपटते," ती सांगत होती. "कोणती कुठली ते कळतच नाही. मी तुमच्या नावानं बेल वाहिला." मी दर सोमवारी अंबरनाथच्या शिवालयात जातो. तिथे गाभारा खाली आहे. पायऱ्या उतरून, ओल्या गारव्यात वाकून देवाचे दर्शन घ्यावे लागते. मला ते फार प्रिय आहे. परंतु त्या सोमवारी उतरताना मनात आले की मी खाली उतरून ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे ती चढून गेली, आणि तिला वर वारा लागला. माझ्या नावाने बेल वाहिला, याचा आनंद व्हायला हवा होता. मला वाटले, माझ्या नावाने कशाला? मी काय मेलो आहे?

मत्सराविषयी मी वर्गात पुष्कळ बोललो होतो. षड्रिपूंमध्ये तो सहावा, शेवटचा, आणि म्हणून बहुतेकांच्या गणनेत निसटणारा. तो शत्रूविषयी वाटतो असे मी मुलांना सांगत असे. आपल्या माणसाच्या आनंदाविषयी वाटतो तेव्हा तो किती बारकाईने काम करतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळले.

दुसरे गाव बट्टिकलोआच्या पुढे, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर होते. तिथली घरमालकीण तमिळ होती. पत्नीला तमिळ येत नाही, त्या बाईला मराठी येत नाही, आणि तरीही दोघी दिवसभर बोलत. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, त्यांवर नारळाच्या दुधाची पिवळी पातळ आमटी. ताडाचा काळसर गूळ. मातीच्या पसरट मडक्यात लावलेले म्हशीचे दही, इतके घट्ट की मडके उलटे धरले तरी सांडत नाही, आणि त्यावर तशाच एका झाडाचा रस आटवून केलेला पाक. मेव्हणी मासे खाई. "ती तिकडं तोंड करून बसते आणि मी इकडं," पत्नीने सांगितले, "आणि मधे ती बाई दोघींना वाढत हसत असते." निरोपाच्या शेवटी ती स्वतःच हसू लागली. ते हसणे मी ओळखत नव्हतो. ते समोरासमोर ऐकणारी त्या अनोळखी स्वयंपाकघरातली भिंतसुद्धा माझ्यापेक्षा अधिक भाग्याची होती.

माझा फोन जुना झाला होता. त्यातून आवाज दबलेला येई. मी उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदार सिंधी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याने फोन उघडला, आतली धूळ पुसली, काहीतरी बदलले आणि तपासण्यासाठी हाताला लागलेला पहिला निरोप मोठ्या आवाजात लावला. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, माझी पत्नी लाटांच्या आवाजावरून ओरडून सांगू लागली की आज ती गुडघाभर पाण्यात उभी राहून कच्च्या आंब्याच्या तिखटमीठ लावलेल्या फोडी खात आहे.

"साईं, भाभी तर एकदम मजेत!" दुकानदार म्हणाला. "कुठं आहे?"

"श्रीलंकेला."

"आणि तुम्ही इथं?"

"घरी देव आहेत."

त्याने माझ्याकडे, मग फोनकडे पाहिले. "देव तर तिकडं पण असेल ना, मास्तर?" गिऱ्हाइके हसली. त्याने बिचाऱ्याने लगेच चहा मागवला, पण मी घेतला नाही.

नैवेद्याचा स्वयंपाक मीच करत होतो. आमच्याकडे नैवेद्य देवाला दाखवण्याआधी चाखत नाहीत. पत्नी चाळीस वर्षे न चाखता अचूक करत आली. मला ते साधत नव्हते. वरणात मीठ कधी दोनदा पडे, कधी अजिबात नाही, आणि ते मला देवाच्या मागून जेवायला बसल्यावर कळे. अशा स्थितीत तिने तिथल्या एका भाताची कृती सांगितली. तांदूळ नारळाच्या दाट दुधात शिजवायचा, ताटात थापायचा आणि शंकरपाळ्यासारखे चौकोनी काप करायचे. शुभ दिवशी तिकडे हाच करतात. मी दुसऱ्याच दिवशी तो केला. दोन नारळ खवले, दूध काढले, हात कापला. खरे सांगायचे तर देवांसाठी केला नाही. ती जे खाते आहे ते आपल्याही ताटात असले पाहिजे, या हट्टाने केला. काप सुंदर पडले. देवांना दाखवून मी पहिला घास घेतला तेव्हा समजले की मीठ घालायचे असते हे तिने सांगितले नव्हते, आणि मी विचारले नव्हते. कापूस खाल्ल्यासारखा तो भात मी संपवला.

"कसा झाला होता?" तिने संध्याकाळी विचारले.

"उत्तम," मी म्हणालो.

हे पहिले असत्य. लहान होते, म्हणून दुसऱ्याला वाट मिळाली.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. म्हणजे ज्येष्ठ महिना दोनदा: आधी अधिक, मग निज. अधिक ज्येष्ठ लागून पाच-सहा दिवस झाले असतील. मी दुपारची पोथी वाचत होतो, तेव्हा तिचा फोन आला. निरोप नव्हे, प्रत्यक्ष फोन.

"अहो, एक विचारायचंय. रागावू नका."

"विचार."

"इथं राहायची मुदत आणखी महिनाभर वाढवून मिळते. अर्ज घरबसल्या करता येतो. आम्हांला वाटतंय, राहावं. तिसऱ्या गावी ह्या बाईंची बहीण आहे, तिच्याकडेच ते दही लावतात. ती शिकवीन म्हणते. सण सगळे निजात, तोवर मी येतेच की जवळजवळ. वटपौर्णिमा तेवढी इथल्या वडाला करीन. अंगणातच आहे वड, समुद्राकडे तोंड करून."

मागून मेव्हणी ओरडली, "भाऊजी, सात जन्मांची फेरी परदेशातून! जास्त टिकेल!"

पत्नी पुढे म्हणाली, "फक्त सासूबाईंची तिथी. वद्य अष्टमी. ती अधिकात करायची की निजात? निजात असेल तर मी तीन दिवस आधी पोचते. अधिकात असेल तर मला ठरल्याप्रमाणेच यायला हवं. तुम्ही सांगाल तसं."

आईला जाऊन चार वर्षे झाली होती आणि तेव्हापासून ज्येष्ठात अधिक प्रथमच आला होता. म्हणून हा प्रश्न घरात कधी उद्भवला नव्हता. उत्तर मला झोपेतसुद्धा देता आले असते. पहिल्या वर्षाचे श्राद्ध तेवढे अधिकात पडल्यास अधिकात करतात. त्यानंतरचे प्रतिवर्षाचे निजात. काही घरांत दोन्हींकडे करतात, परंतु निज सोडून केवळ अधिकात करा, असे सांगणारा कुणी मला भेटलेला नाही. बेलवलीतल्या अर्ध्या घरांचे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. सून येते, मुलगा येतो, दारातूनच विचारतो, आणि मी जे सांगेन ते करून मोकळा होतो. पंचांग उघडून कुणी पडताळत नाही. चाळीस वर्षांत पत्नीने कधी उघडले नाही.

"अधिकात," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मग येते. परत यायचंच आहे, तर तिसऱ्या गावी धावत कशाला जायचं? उरलेले दिवस इथंच राहू."

तिने हुज्जत घातली असती तर मी कदाचित सावरलो असतो. तिने माझे म्हणणे प्रसादासारखे घेतले. फोन ठेवल्यावर मला आनंद झाला, हे लिहिताना आजही लाज वाटते. ती येणार होती. ते दही, ती बहीण, अंगणातला वड, सगळे तिच्याविना राहणार होते, जसा मी राहिलो होतो.

आनंद चार दिवस पुरला. तिचे निरोप येत राहिले, मात्र लहान झाले. "आज खाडीवर गेलो." "आज वारा पडलाय." खाण्याविषयी ती बोलेना. मी देवांपुढे बसे आणि अधिक मासातले तेहेतीस दिवे लावी. हात सवयीने फिरत. मन मात्र सारखे त्या एका शब्दाशी येऊन अडखळे. आईच्या तसबिरीकडे मी पाहत नव्हतो. तिच्या तिथीचा मी दोर केला होता आणि तिच्या सुनेला त्याने ओढून आणत होतो.

आठव्या दिवशी सकाळी शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ आले. कचेरीला निघण्याच्या घाईत होते, डबा हातात. त्यांचे वडील तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठात गेले.

"काका, एकच मिनिट. बाबांचं श्राद्ध ह्या महिन्यात की पुढच्या? बायको म्हणते आत्ताच, आई म्हणते पुढं. घरात वाद नको. तुम्ही सांगा."

"पुढच्या," मी म्हणालो. "निजात. प्रतिवर्षाचं निजातच करायचं. तुमच्या आईंचं बरोबर आहे."

"नक्की ना?"

"ह्यात शंकाच नाही."

"तुम्ही म्हणालात म्हणजे झालं," असे म्हणून ते जिना उतरून गेले. मी दारात उभा राहिलो. एकच प्रश्न, एकच जीभ, आठ दिवसांचे अंतर. परक्या माणसाला मी शास्त्र सांगितले होते आणि जिने माझ्या शास्त्रासाठी जन्मभर न चाखता स्वयंपाक केला, तिला माझा मत्सर शास्त्र म्हणून वाढला होता.

मुदत वाढवण्याचा अर्ज करायला पाच दिवस उरले होते. मी स्नान पुन्हा केले. का केले ते सांगता येणार नाही; अंगाला काही लागल्यासारखे वाटले. मग फोन लावला.

"अगं, तिथी निजात आहे," मी म्हणालो.

"काय झालं? पंचांगात चुकलं होतं का?"

हा दरवाजा तिनेच उघडून दिला होता. चुकलो म्हणालो असतो तर तिने विश्वास ठेवला असता, माझ्या वयाची काळजीही केली असती. मी दाराला हात लावला नाही.

"चुकलं नव्हतं. मला तेव्हाही ठाऊक होतं. तू यावंस म्हणून तसं सांगितलं."

तिच्यामागे लाटा चालू होत्या. फोनची दुरुस्ती उत्तम झाली होती. प्रत्येक लाट फुटल्यानंतरची पाण्याची सरसरसुद्धा ऐकू येत होती.

"आठ दिवस," ती शेवटी म्हणाली, "मी रोज संध्याकाळी ह्या समुद्राला निरोप देतेय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हांला यायचं होतं ना?"

"हो."

"मग तसं म्हणायचं होतं. देवांच्या आड काय बसलात? आणि आता सासूबाईंच्या आड?"

"आणखी एक आहे," मी म्हणालो. सांगायला निघालोच होतो, तर सगळे सांगावे असे वाटले. "तो नारळाच्या दुधातला भात अळणी झाला होता. पार अळणी."

मागे मेव्हणी खो खो हसली. पत्नी हसली नाही. "मी निज वद्य पंचमीला पोचेन," ती म्हणाली. "त्याच्या आधी एक दिवसही नाही." आणि फोन ठेवला.

त्यानंतर तेरा दिवस एकही निरोप आला नाही. मेव्हणीने मधे केव्हातरी एकच ओळ पाठवली: दोघी सुखरूप, तिसऱ्या गावी. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मत्सर गेला असे मी म्हणणार नाही. तो इतक्या सहज जाणारा नाही. त्या दिवसांत तो उपाशी मात्र राहिला. दही कसे लागते, बहीण दिसायला कशी आहे, समुद्र तिथे कोणत्या रंगाचा आहे, मला काहीही कळत नव्हते, आणि हे न कळणे मीच मिळवले होते. बाजारात बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणारी जांभूळवाली विचारी, "बाबा, आई कवा येनार? त्यांना टपोरी लागत्यात." मी तिला पंचमी सांगे. जांभळे मी स्वतःसाठी घेतली नाहीत.

चौदाव्या दिवशी निरोप आला. त्यात ती बोलली नव्हती. नुसता समुद्र होता, पुष्कळ वेळ, आणि शेवटी कुणीतरी भांडे जमिनीवर ठेवल्याचा आवाज. मी तो देवांपुढे बसून ऐकला.

पंचमीला ती आली. उन्हाने रापली होती, चपलांत वाळू होती. पिशवीतून तिने मातीचे एक पसरट मडके काढले, त्यात गुंडाळलेली पाकाची बाटली काढली आणि दोन्ही ओट्यावर ठेवली. मग देवांना नमस्कार केला, आईच्या तसबिरीला केला, आणि मला म्हणाली, "वाळला आहात."

"मीठ जमत नाही," मी म्हणालो.

"शिकाल."

पुढचे दोन दिवस ती श्राद्धाच्या तयारीला लागली. काय आणायचे, गुरुजी किती वाजता येणार, एवढेच बोलणे झाले. अष्टमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी पूजेची भांडी घासत बसलो होतो. ती हात पुसत आली आणि खुंटीवरचे पंचांग तिने काढले. चष्मा लावला. पाने उलटून तिने निज ज्येष्ठ काढला आणि बोट त्या बारीक अंकांवरून खाली नेऊ लागली. चाळीस वर्षांत तिला असे मी कधी पाहिले नव्हते.

"हा रकाना कशाचा?" तिने विचारले.

"तिथी किती वाजेपर्यंत आहे, त्याचा."

"आणि श्राद्धाला दुपारनंतरची वेळ धरायची ना?"

"हो. अपराह्णी जी तिथी असेल ती."

तिने बोट न उचलता अंक वाचले, ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे उद्याच."

"उद्याच," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि तोच रकाना पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.